रिमेडियलचा वर्ग रिकामा का राहतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानदेशातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तुम्ही पहिल्या वर्षाला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, शिकवता. नोकरीचं दुसरंच वर्ष आहे. वर्गात सातपुड्यातल्या आश्रमशाळांमधून आलेली मुलं आहेत, शेतमजुरांची आहेत, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली आहेत. पहिल्या युनिट टेस्टला त्यांतली बहुतेक मागे पडली. वरून आदेश आला म्हणून तुम्ही संध्याकाळी ५ ते ६ रिमेडियल, म्हणजे मागे पडलेल्यांसाठीचा जादा वर्ग, लावलं, आणि ज्यांच्यासाठी लावलं तीच मुलं आली नाहीत. ‘त्यांना गरज वाटत नाही का?’ असं तुम्ही विचारलंय.

गरज वाटते. रात्री झोप लागत नाही इतकी वाटते. पण त्या वर्गाच्या दारातून आत जायचं म्हणजे सगळ्या बॅचसमोर ‘मी ढ आहे’ हे कबूल करायचं. कॅटेगरीतून ॲडमिशन मिळालेल्या मुलाला तर त्याहून जास्त मोजावं लागतं. कँटीनमध्ये त्याच्याबद्दल जे बोललं जातं, त्यावर त्याने स्वतःच सही करून दिल्यासारखं होतं. दहावीपर्यंत शाळेत पहिला येणारा मुलगा हे करणार नाही. बावीस वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवून माझं एक मत पक्कं झालंय: जी मदत हात वर करून मागावी लागते, ती या मुलांपर्यंत पोचत नाही. ती वेळापत्रकात घाला, सगळ्यांसाठी घाला. मागायची वेळच त्यांच्यावर येता कामा नये.

हे मला सुचलेलं नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर, उरी ट्राइसमन नावाचा गणिताचा तरुण विद्यार्थी शिकवण्याचं काम करत होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत होती. प्राध्यापकांना कारण विचारलं तर उत्तरं आली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरातून पाठिंबा नाही, गरिबी. आपल्या स्टाफरूममध्ये ऐकू येतात तीच. ट्राइसमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या मुलांना बराच काळ जवळून पाहिलं, त्यांच्या खोल्यांवर जाऊन पाहिलं. एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, घरच्यांनी जिवाचं रान करून त्यांना तिथवर आणलं होतं. ती सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास अभ्यास करत होती, पण एकटी, खोलीचं दार लावून. चिनी मुलं आधी एकटी गणितं सोडवायची आणि मग संध्याकाळी एकत्र बसायची. कुणाचं उत्तर वेगळं आलं, कुठे चुकलं, गेल्या वर्षी पेपरात काय आलं होतं, सगळं बोलणं तिथे व्हायचं. त्यांचे तास चौदाच्या घरात जायचे.

ट्राइसमनने पुढे जे केलं ते आपल्याकडे फार कमी लोक करायला धजतात. त्याने सोपी गणितं देणारा वर्ग काढला नाही. नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणितं गटात सोडवायची कार्यशाळा काढली, आणि ‘तुम्ही हुशार आहात म्हणून तुम्हाला बोलावलंय’ असं सांगून मुलं बोलावली. मुलं आली, आणि पासही झाली.

आपल्याकडे हे बसवायला नवीन काही मंजूर करून घ्यावं लागत नाही. एम-वनच्या स्कीममध्ये ट्यूटोरियलचा, म्हणजे गणितांच्या सरावाचा, तास असतोच. बहुतेक ठिकाणी त्या तासाला मास्तर फळ्यावर दोन गणितं सोडवतो, मुलं उतरवून घेतात, शेवटी ट्यूटोरियल शीटवर सही होते. तोच तास घ्या. बाकं समोरासमोर करा. चार-चार मुलांचे गट तुम्ही पाडा, मुलांवर सोपवू नका. त्यांच्यावर सोपवलं की शहरातली एकीकडे आणि होस्टेलची दुसरीकडे, हे पाच मिनिटांत होतं. गट पाडताना एक पथ्य मी कधी मोडत नाही. चार जणांत एकच मुलगी, किंवा पाड्यावरून आलेला एकच मुलगा, असं बसवायचं नाही. एकटं माणूस गटातही गप्पच बसतं. निदान दोघं हवेत. एका कागदावर तीन गणितं द्या, गटाला एकच कागद. पहिलं सगळ्यांना जमेल असं, दुसरं परीक्षेच्या तोडीचं, तिसरं असं की वर्गातल्या टॉपरलाही लगेच सुटणार नाही. त्या तिसऱ्यावर सगळे एका पातळीवर येतात, आणि आजवर गप्प असलेला मुलगा तिथे बोलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एक प्रसंग सांगते. मॅट्रिसेसमधलं सगळ्यांना पाठ असलेलं गणित होतं. तीन समीकरणं: एक्स अधिक वाय अधिक झेड बरोबर ६, एक्स अधिक २ वाय अधिक ३ झेड बरोबर १०, आणि एक्स अधिक २ वाय अधिक लॅम्डा झेड बरोबर म्यू. लॅम्डा आणि म्यूच्या कोणत्या किमतींना उत्तर नाही, कधी एकच आहे, कधी अनंत आहेत, ते ‘इन्व्हेस्टिगेट’ करायचं, म्हणजे तपासायचं, होतं. सातपुड्यातल्या धडगावकडून आलेला एक मुलगा होता. त्याने रो ऑपरेशन्स इतक्या स्वच्छ केल्या होत्या की मी वही उचलून पाहत राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर: (लॅम्डा वजा ३) गुणिले झेड बरोबर म्यू वजा १०. तिथे पेन थांबलेलं. टेस्टमध्येही तो असाच थांबला होता, आणि मी त्याला सातपैकी दोन मार्क दिले होते. तेव्हा मला वाटलं, याला कन्सेप्ट कळलेला नाही.

शेजारच्या मुलीने त्याला अहिराणीत विचारलं, ‘आठे शून्य उनं तं मंग?’ म्हणजे इथे, लॅम्डा वजा ३च्या जागी, शून्य आलं तर मग? तो लगेच म्हणाला, डावीकडे शून्य आणि उजवीकडे म्यू वजा १०. म्यू १० नसला तर शून्य बरोबर भलतंच काहीतरी होतं, म्हणजे उत्तरच नाही. म्यू १० असला तर ती ओळच गेली, मग उत्तरं कितीही. आणि लॅम्डा ३ नसला तर झेड एकच. अर्ध्या मिनिटात तिन्ही केसेस. मी विचारलं, ‘मग टेस्टमध्ये का नाही लिहिलंस?’ बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, इन्व्हेस्टिगेट ही मेथड आम्हाला शिकवलेलीच नाही.’

त्याला वाटत होतं, समीकरणं सोडवायचा क्रॅमर्स रूल असतो तशी ‘इन्व्हेस्टिगेट’ नावाची एक पद्धत आहे, आणि ती ज्या दिवशी शिकवली त्या दिवशी आपण गैरहजर होतो. सहा आठवडे तो ती पद्धत वहीत आणि पुस्तकात शोधत होता. विचारलं कुणालाच नव्हतं.

त्या दिवसापासून मी भाषेकडे वेगळ्या नजरेने पाहते. मराठी माध्यमाच्या मुलाला टेक्निकल शब्द अवघड जातात असं आपण धरून चालतो. पण डेरिव्हेटिव्ह, व्हेक्टर, डिटरमिनंट हे शब्द बारावीपर्यंत त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. तो अडखळतो ते साध्या वाटणाऱ्या शब्दांवर: ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘हेन्स ऑर अदरवाइज’, ‘अनलेस’, ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘निग्लेक्टिंग’. प्रॉबॅबिलिटीमध्ये ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ची अदलाबदल झाली की सगळी रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं. तुमच्या विद्यापीठाचे मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्या आणि असे शब्द काढा. फार तर चाळीस निघतील. एका पानावर मराठी अर्थ आणि एकेक उदाहरण देऊन ते पान अख्ख्या वर्गाला वाटा. ‘मराठी मीडियमवाल्यांनी घेऊन जा’ असं मात्र म्हणू नका. आणि सातपुड्यातल्या मुलांच्या बाबतीत ध्यानात ठेवा, घरी ती पावरी नाहीतर भिली बोलतात. मराठी ही त्यांनी शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी. गटात त्यांनी कोणत्याही भाषेत वाद घालावा, कागदावर इंग्रजी आलं की झालं.

पूर्ण पदवीच मराठीतून देण्याचा प्रयोग २०२१ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, परवानगीने सुरू झालाय, पुस्तकांची भाषांतरंही झाली आहेत. मला त्याचं स्वागतच आहे. पण तुमच्या वर्गातल्या मुलाला या सेमिस्टरला उपयोगी पडेल ते चाळीस शब्दांचं पान.

आता पैशाबद्दल, कारण अभ्यासाची म्हणून दिसणारी निम्मी दुखणी मुळात पैशाची असतात. मुलगा प्रॅक्टिकलला येत नाही, कारण जर्नलच्या प्रिंटचे पैसे नाहीत. ड्रॉइंगच्या तासाला मागे बसतो, कारण ड्राफ्टर घेतलेला नाही आणि दुसऱ्याचा रिकामा होण्याची वाट पाहतोय. तुम्हाला रजिस्टरमध्ये फक्त गैरहजेरी दिसते, आणि महिनाअखेर तो डिफॉल्टर लिस्टमध्ये येतो.

योजना कमी नाहीत. एससी-एसटी मुलांना भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या एससी आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार आहे, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. २०२४-२५पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५० हजार देते, दिव्यांग मुलांना ‘सक्षम’ शिष्यवृत्ती आहे. अडचण अशी की पैसा खर्चाच्या दिवशी नसतो. मेसचं बिल पहिल्या महिन्यात येतं, महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे केव्हातरी नंतर.

यात तुमच्या हातात काय आहे? फॉर्म. पहिल्या पंधरवड्यात एक दुपार अख्ख्या डिव्हिजनला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवा आणि सगळ्यांचे फॉर्म तिथेच भरून घ्या. ज्याला कुठलीच योजना लागू नाही त्याने शेजाऱ्याला मदत करायची. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता, काय आहे आणि काय तहसीलला अडकलंय, याची यादी त्याच दिवशी तयार होते. आधार कोणत्या बँक खात्याला जोडलेलं आहे हे प्रत्येकाकडून तपासून घ्या. सिमकार्ड घेताना नकळत पेमेंट बँकेचं खातं उघडलं जातं, आधार तिकडे जोडलं जातं, आणि शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडते. मुलगा मात्र गावच्या बँकेचं पासबुक भरून आणून ‘पैसे आले नाहीत’ म्हणत बसतो. एका मुलाचे दोन हप्ते असे आम्हाला जवळजवळ वर्षाने सापडले. तोवर तो रात्री एका ढाब्यावर काम करत होता.

शिवाय स्टाफने मिळून छोटा फंड ठेवा. आमच्याकडे महिन्याला प्रत्येकी थोडी रक्कम जमा होते, हिशोब एका शिक्षिकेकडे असतो, आणि हजार-दोन हजारांसाठी अर्ज लागत नाही. ड्राफ्टर, ॲप्रन आणि पुस्तकं पास होऊन जाणाऱ्या मुलांकडून मागून घ्या आणि डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा: ‘ज्याला हवं त्याने न्यावं, वर्षअखेर परत आणावं.’ चांगल्या घरातली मुलंही नेतात, त्यामुळे कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

एक गोष्ट आजच बंद करा. मी नवीन होते तेव्हा ऑफिसमधून चिठ्ठी यायची आणि मी भर तासाला मोठ्याने वाचायचे, ‘एससी-एसटीच्या मुलांनी उभं राहा, तुमचा स्कॉलरशिपचा फॉर्म राहिलाय.’ माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवशी पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली नाही. तासानंतर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, ‘मॅडम, माझ्या रूममेटला माहीत नव्हतं.’ ती फार शांतपणे बोलली. पुढच्या आठवड्यात तिची रूम बदलली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. शिष्यवृत्तीच्या याद्या कॅटेगरीसकट नोटीस बोर्डावर लावायची पद्धत अनेक ठिकाणी अजून आहे. तुमच्याकडे असेल तर प्राचार्यांकडे जाऊन ती थांबवायला लावा, निरोप ज्याचा त्याला मोबाइलवर जाऊ द्या. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधली परिस्थिती तपासली. तिथल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी जे सांगितलं त्यात उघड शिवीगाळीइतकंच हेही होतं, की शिक्षक आम्हाला वेळ कमी देतात, आमच्याशी बोलतच नाहीत. स्वतःला तपासून पाहा. तासाला तुम्ही कुणाच्या बाकापाशी थांबता? मी आठवडाभर हजेरीच्या कागदावर खुणा केल्या होत्या. खिडकीकडची मागची तीन बाकं कोरी निघाली.

मुलींबद्दल थोडंच लिहिते, कारण तुमच्या वर्गात त्या संख्येने बऱ्या आहेत असं तुम्ही म्हणता. तरी वर्कशॉपमध्ये पाहा, मुलीच्या हातातली कानस कुणीतरी मुलगा ‘दे, मी करून देतो’ म्हणत घेतो आणि तिचा फिटिंगचा जॉब तयार होतो. प्रोजेक्टमध्ये रिपोर्ट आणि पीपीटी तिच्याकडे, सर्किट मुलांकडे. कामं आळीपाळीने बदलायची असा नियम करून तो मार्कांना जोडा. लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी आणि मुलींचं होस्टेल साडेसातला बंद असेल, तर ती लायब्ररी मुलांचीच झाली. होस्टेलमध्येच एक खोली अभ्यासाला मिळवून द्या.

तशी खोली मुलांच्या होस्टेललाही हवी, आणि तिथे आठवड्यातून दोनदा थर्ड इयरची दोन मुलं बसायला हवीत. त्यांना ‘कमवा व शिका’मधून मानधन देता येतं का ते पाहा. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती मुलांच्या जेवणाराहण्याची सोय म्हणून, पण गावाकडची मुलं एका कंदिलाभोवती एकत्र बसली आणि एकमेकांकडून शिकली, हा त्याचा मोठा लाभ होता. आपल्या होस्टेलमध्ये आज प्रत्येकाकडे मोबाइल आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या खाटेवर कानात इयरफोन घालून एकटाच व्हिडिओ पाहतोय. ट्राइसमनने पाहिलं तेच हे.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांकडे कुणाचंच लक्ष नसतं. हाताला ती तयार असतात, मशीन उघडून दाखवतील, पण एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, पहिल्याच आठवड्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म येतं आणि इंटिग्रेशनचा सराव नसतो. त्यांचा प्रवेशाचा राउंड संपून ती वर्गात येईपर्यंत शिकवणं सुरूही झालेलं असतं. एम-थ्रीच्या ट्यूटोरियललाही हीच गटांची पद्धत लावायला तुमच्या सहकाऱ्यांना सांगा.

पालकांना बोलावण्याबद्दल. नोटीस काढून पालकसभेला बोलावलेले पालक येणार नाहीत. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेलेले असतात, गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात, आणि एका दिवसाची मजुरी बुडवून ‘तुमचा मुलगा नापास होतोय’ ऐकायला कोण येईल? मी उलट करते. पहिल्या टेस्टनंतर प्रत्येक घरी फोन करते आणि मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगते, खरी असलेलीच. एका आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, ‘तो जेवतो ना?’ मी मेसमध्ये जाऊन पाहिलं. तो एकवेळचाच डबा लावून होता.

आणि होळी. सातपुड्यात होळी दिवाळीपेक्षा मोठी. आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी असते, पुढचे काही दिवस गावोगाव होळ्या चालतात. आपल्या कॅलेंडरमध्ये एक दिवस सुट्टी असते. दरवर्षी दुसऱ्या सेमिस्टरची टेस्ट त्याच आठवड्यात लागायची, मुलं घरी गेलेली असायची, आणि ‘यांना अभ्यासाचं गांभीर्यच नाही’ असं स्टाफ मीटिंगमध्ये बोललं जायचं. आम्ही टेस्ट दहा दिवस पुढे ढकलली. सगळी मुलं हजर होती. शैक्षणिक कॅलेंडर जूनमध्ये बनतं तेव्हा त्या मीटिंगला तुम्ही बसा.

तुम्ही शेवटी विचारलंय की सेमिस्टर निम्मं संपलंय, या मुलांसाठी उशीर झाला का? झालेला नाही. पाच वाजताचा वर्ग बंद करा. टेस्टचे पेपर सगळ्यांना परत द्या, आणि येत्या ट्यूटोरियलला चार-चारच्या गटांत तोच पेपर पुन्हा सोडवायला लावा. आधीच्या मार्कांत सुधारणा दिसली तर इंटर्नलमध्ये काही गुण द्यायचं एचओडींशी बोलून ठेवा. मग त्या गप्प मुलांपैकी एकाची उत्तरपत्रिका नीट वाचा. त्यात एखादी ओळ तरी अशी सापडेल जी त्याने इतरांपेक्षा चांगली केलीय. तास सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जा, ती ओळ दाखवा, आणि सांगा, ‘आज दुसऱ्या गटात बस. त्यांना हे जमत नाहीये, तू दाखव.’